एकट्याची कॅसेट

माह्या कोठ्यात आधी बैल राहत होते, मंग तो राह्यला. बैलांचा आवाज कमी होता.

हे मी चेष्टेनं लिहून राह्यलो नाई. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही पोंभुर्ण्याले मामाकडे राहून. म्हणून माह्या लिहिण्यात एखादी वेलांटी इकडची तिकडे झाली असन तर वाचणाऱ्यानं आपली आपण दुरुस्त करून घ्यावी. गोष्ट दुरुस्त करू नये. गोष्ट बरोबर आहे.

तो आमच्याच गावचा. त्याचा बाप मोहफुलं वेचाले जंगलात गेला अन् वाघानं नेला, तेव्हा हा दुसरी-तिसरीत असन. माय त्याले घेऊन घुग्घुसले भावाच्या आसऱ्याले गेली. तिथीच तो वाढला, सिमेंटच्या कारखान्यात लागला, पाळीची ड्युटी कराले लागला. गावाले वाटलं, गेलं ते घर. अन् चाळिशीकडे झुकला असताना एक दिवस हा कारखान्यातून लंबी सुटी काढून मोटारसायकलवरून आला, पाठीले गिटार बांधलेली, केसं खांद्याच्या खाली. माह्या सपरीत, घरापुढच्या पडवीत, येऊन पाया पडला अन् काही तरी बोलला. मले ऐकू आलं नाई.

"काय म्हणतं बाबू?"

"काकाजी, तुमचा कोठा रिकामा आहे म्हणतात. मले भाड्यानं द्या."

"तुह्यापाशी बैल आहेत का?"

"नाई. गाणे बनवाचे आहेत."

"घुग्घुसले गाणे बनत नाईत का?"

"तिथी ट्रक थांबतच नाईत. ट्रकचा आवाज गाण्यात येते."

हे सगळं त्यानं इतक्या हळू सांगतलं का मले कान त्याच्या तोंडापाशी न्या लागला. त्याची ही पहिली खूण. साधं बोलणं त्याच्या गळ्यातून निघत नवतं. पाणी मागितलं तरी वाटे, गुपित सांगून राह्यला. आमची बुढी, माही बायको, म्हणे, मायच्या मागं वाढलेलं पोरगं असंच असते. मी कोठा दिला. गाणं म्हटल्यावर मले भजनावानी काही तरी वाटलं होतं, हे कबूल करतो.

आल्या-आल्या त्यानं कोठ्याचं पार रूप बदललं. माह्या वावरातली धानाची सगळी तणस त्यानं भिंतीले लागून छपरापर्यंत रचली. बुढीच्या जुन्या वाकळा मागून घेतल्या, त्या खिडकीवर अन् दाराच्या आतून टांगल्या. गव्हाणीवर कॉम्प्युटर ठेवला. आत गेलं का आपलाच आवाज तोंडातून निघून तणसीत मरून जाये. मी एकदा आत उभा राहून "राम राम" म्हटलं, तर ते "राम राम" मलेच नीट ऐकू आलं नाई. मले तिथी गुदमरल्यावानी झालं. त्याले तिथीच बरं वाटे.

मंग एक दिवस दुपारी, गाव वावरात गेलेलं, बुढी अंगणात तांदूळ पाखडत होती. कोठ्यातून असा आवाज आला का बकऱ्यांनी दावं तोडलं. बुढीनं सूप फेकलं, पाण्याचा लोटा घेतला अन् पळत गेली. दार उघडून पाहते तर हा घामानं भिजलेला, एका हातात माईक, दुसरा हात पोटावर.

"बाबू, काय खाल्लं रे? ओकून टाक, ओकून टाक!"

"काकी," हा नेहमीच्या हळू आवाजात म्हणे, "मी गाणं म्हणून राह्यलो."

बुढीनं लोटा खाली ठेवला. मंग म्हणाली, "मंग इतकं दुखून काऊन राह्यलं?"

त्याच्यावर तो हसला नाई. विचार कराले लागला. पुढं लय दिवसांनी मले म्हणे, "काकाजी, माह्या गाण्यावर दुनियेतल्या पोट्ट्यांनी काय काय लिहिलं, पण काकीनं विचारलं तसं कोणीच विचारलं नाई."

दुनियेतले पोट्टे म्हणजे खरंच दुनियेतले. कुठी कुठी बर्फ पडते त्या देशातले पोट्टे त्याचे गाणे ऐकत. त्या गाण्याच्या जातीले 'टेक्निकल डेथ मेटल' म्हणतात. डेथ म्हणजे मरण, मेटल म्हणजे लोखंड, एवढं मले समजते. टेक्निकल म्हणजे त्यात हिशोब लय. हा माणूस जेवाले बसला का डाव्या हाताचे बोटं ताटाच्या कडेवर चालू. तोंडातल्या तोंडात काही मोजे, मंग मान हलवून पुन्हा पहिल्यापासून. मी जवानीत दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात, ढोल वाजवलेला माणूस आहो. मले ताल समजत नाई असं कोणी म्हणू नये. मी त्याच्या तालावर डोकं हलवाले गेलो, तर डोकं खाली आलं तेव्हा ताल दुसरीकडेच निघून गेला होता.

"याच्यात डोकं हलवाले जागाच नाई रे," मी म्हटलं.

"जागा आहे काकाजी, पण ती दर वेळी हलते."

"मंग ढोल कोन वाजवते?"

"मीच. कॉम्प्युटरवर."

"अन् गिटार?"

"मीच."

"ती दुसरी, जाड आवाजाची?"

"तीबी मीच. लिहिलं मी, वाजवलं मी, आवाज माहा."

"सगळे तूच, तर भांडन कोनासंग होते?"

"माह्याशीच होते," तो म्हणे. "रोज होते."

आधी घुग्घुसले त्याचे चार सोबती होते. एक पुण्याले नोकरीवर गेला, एकाचं लगन झालं, बाकीच्यांनी हळूहळू येणं सोडलं. त्यानं त्याच्यातून एक गोष्ट पक्की धरली होती अन् ती तो जपासारखी म्हणे, "लोक अर्ध्यातून थांबतात, काकाजी. म्हणून एकट्याचं काम एकट्यानंच." पूर्ण कॅसेटभर दुसऱ्या माणसाचं बोटही लागू द्याचं नाई, असा त्याचा हट्ट होता. हट्टी माणूस मले आवडते. फक्त तो माह्या घरात नसावा.

कॅसेटच्या वर छापाचं नाव त्यानं स्वतः काढलं होतं. मले दाखवलं. मी चष्मा लावून पाह्यलं, कागद फिरवून पाह्यला. बोरीची फांदी उन्हात वाळत टाकल्यावानी काटेच काटे.

"हे अक्षर आहे?"

"अक्षरच आहे."

"मले वाचता येत नाई."

"कोणालेच येत नाई, काकाजी. कॉलेजवाल्यालेही येत नाई. ते तसंच असते."

त्या दिवशी मले तो माणूस पहिल्यांदा मनापासून पटला.

आता खोकल्याची गोष्ट सांगतो. मी तरणा होतो तेव्हापासून बिडी ओढतो, अन् मले खोकला आहे. तो माहा खोकला आहे, मी तो कोणापासून उसना आणला नाई. एक दिवस मी सपरीत बसलो होतो, हा कोठ्यातून बाहेर आला अन् म्हणे, "काकाजी, तुमचा खोकला आत आला."

"आत म्हणजे?"

"गाण्यात. चांगलं झालं होतं, आता पुन्हा म्हणा लागन."

मंग त्यानं बुढीच्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं कोठ्याच्या दारावर टांगलं. फडकं बाहेर असलं का मी खोकाचं नाई, बुढीनं भांडे घासाचे नाई. आमचा कोंबडा मात्र कोणाचं ऐकत नवता. तो नेमका गाण्याच्या मधात आरवे. यानं कोंबडा विकत मागितला. बुढी म्हणे, "कापून खाशीन तर देईन." हा म्हणे, "नाई काकी, मी फक्त त्याले मावशीच्या गावी नेऊन सोडन." बुढीनं कोंबडा दिला नाई. म्हणे, ज्याले कोंबडा खाता येत नाई त्याच्या हाती कोंबडा द्याचा नाई.

पण खरं सांगतो, माह्याच घरी फडकं पाहून खोकाचं, हे मले लागलं. तरी मी ऐकलं. फडकं दिसलं का मी उठून बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर जाये अन् तिथी पोटभर खोकून परत येये.

त्याच्या कॅसेटमधी नऊ गाणे राहाचे होते. आठ झाले. नववं अडलं. त्या नवव्यासाठीच तो गावात आला होता, हे मले मागाहून समजलं. ते गाणं म्हणजे त्याच्या बापाचा दिवस होता.

आमच्याकडे जंगलात गेलेला माणूस वेळेवर घरी नाई आला, तर गाव हाकेची ओळ लावते. घरटी एक पुरुष. सगळे एका ओळीत उभे, मधात एवढंच अंतर का शेजाऱ्याची हाक ऐकू यावी. एकानं हाक माराची, शेजाऱ्यानं ती ऐकून आपली माराची, अशी हाक या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते अन् ओळ पुढं सरकते. माहा आवाज त्या काळी मोठा होता. म्हणून ओळ लावाचा मान माहा होता, अन् आहे. त्याच्या बापाच्या दिवशीही ओळ मीच लावली.

एक दिवस त्यानं मले कोठ्यात बोलावलं. असं त्यानं कधीच केलं नवतं. माह्या दुपट्ट्यावरूनच कानाले ते हेडफोन बसवले अन् म्हणे, "नववं आहे. ऐका."

मी ऐकलं. हाका होत्या. एक इथी, एक तिथी, एक पार डोंगराकडे. सगळ्या त्याच्याच गळ्याच्या, पण दहाबारा माणसं जंगलात सुटल्यावानी. हाका दूर गेल्या. मंग हळूहळू बसत गेल्या. एक बंद झाली, दुसरी बंद झाली, शेवटची तर म्हातारं माणूस धापा टाकत खाली बसते तशी संपली.

"जमलं का?" त्यानं विचारलं.

"हाका बराबर आहेत," मी म्हटलं. "पन ह्या थकून काऊन बसल्या?"

"कारण तसंच झालं होतं, काकाजी. मी घरी होतो. मायनं कडी लावली होती, मी फटीतून ऐकत होतो. हाका दूर गेल्या अन् एकेक करून बंद झाल्या. लोक थकले. अर्ध्यातून थांबले. अजून थोडं गेले असते तर तो जिता सापडला असता."

मी हेडफोन काढून गव्हाणीवर ठेवले.

"आमी थकलो नवतो," मी म्हटलं. "नेम आहे तो. ज्याले काही दिसलं, टोपलं, चप्पल, काहीही, त्यानं हाक बंद कराची. त्याची हाक आली नाई का शेजाऱ्यानं समजाचं अन् आपलीबी बंद कराची. अशी चूप या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. कायले? पडलेला मानूस कन्हत असन तर तो ऐकू यावा म्हनून. हाकेच्या गोंधळात ते ऐकू येत नाई. तुह्या बापाचा दुपट्टा दिसला होता. आमी ऐकाले चूप झालो होतो."

त्यानं मान खाली घातली. अन् त्याच्या त्या हळू आवाजात म्हणे, "काकाजी, हे तुम्ही आता मले बरं वाटावं म्हणून बनवून सांगून राह्यले."

तो ओरडला असता तर मी सहन केलं असतं. ओरडणं त्याचा धंदाच होता. पण हे त्यानं मायेनं म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची समजूत काढल्यावानी. माह्या कोठ्यात, माह्या तोंडावर, माह्या ओळीबद्दल.

मी बाहेर आलो. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. बुढीच्या हातून जेवण जाये, बुढीच्या हातून ताट परत येये. अन् लाल फडकं दिसलं का मी सपरीत बसून खोके. आला तर खोके, नाई आला तर आणून खोके. बुढी म्हणे, "अहो, तुमाले लाज वाटत नाई का?" मले तेव्हाही वाटली नाई, आताही वाटत नाई. तो बाहेर येऊन काही बोलला असता तर मी बंद केलं असतं. तो बाहेर आला नाई. पुन्हा पहिल्यापासून म्हणे. मी पुन्हा खोके.

होळी झाली. मोहफुलं पडाले लागली. बाया पहाटेच टोपले घेऊन जंगलात जात अन् ऊन तापाच्या आत परत येत. एक दिवस सगळ्या आल्या, कोतवालीन आली नाई. ही आमच्या गावच्या कोतवालाची बायको, तोंडाची लय तिखट. सोबतच्या बाया म्हणाल्या, झाडं वाटून घेताना ती नाल्याकडे गेली, मंग दिसली नाई. सूर्य डोक्यावर आला. कोतवाल चौकात नुसता उभा होता, हातात काठी, काठी कोणत्या हातात धराची हेही त्याले सुचत नवतं.

पोलीस पाटील घरोघरी फिरत माह्या दारी आला. माहा पोरगा अहेरीले नोकरीवर आहे. घरात पुरुष मीच, अन् माहे गुडघे कसे आहेत ते गावाले मालूम आहे.

"भाऊ, तुमच्या घरून कोन?"

"मी," मी म्हटलं.

कोठ्याचं दार उघडलं. त्यानं लाल फडकं काढून खांद्यावर टाकलं होतं. "काकाजीच्या घरून मी," तो म्हणे.

पाटलानं त्याले खालून वर पाह्यलं. "तुले हाक येते का?"

"हाक सोडून त्याले काही येत नाई," मी म्हटलं. "पन ओळ लावाले मीबी येतो. गुडघ्यानं कोनी हाक मारत नाई."

ओळ लावली. सगळ्यात डावीकडे मी, माह्या उजवीकडे तो, त्याच्या उजवीकडे खुद्द कोतवाल, मंग बाकी गाव, पार नाल्यापर्यंत. पानगळ झालेली. सागाचे पानं पायाखाली पापडावानी मोडत होते. मी पहिली हाक टाकली. माहा आवाज आता पहिल्यावानी नाई, पण त्याच्यापर्यंत पोचला. त्यानं तोंड उघडलं अन् त्याच्या गळ्यातून तेच निघालं, कोठ्यातलं. बकऱ्यांनी दावं तोडलं होतं तेच. साधी हाक त्याच्यापाशी नवतीच. जंगलात कोणी हसलं नाई. कोतवालाले कोणाचा आवाज कसा आहे याच्याशी घेणं नवतं. त्यानं तो घेतला अन् आपली हाक पुढं दिली.

असे आम्ही चाललो. हाक जाये, ओळ सरके. अन् उजवीकडून चूप आली.

पहिले मले ती दिसली, ऐकू मंग आली. दूरची काठी थांबली, तिच्या अलीकडची थांबली. कोतवालानं तोंड उघडलं होतं हाकेसाठी, ते तसंच राह्यलं. माह्या शेजारी याले समजलं नाई. यानं हाक मारली. उजवीकडून कोणी घेतली नाई. यानं अजून एक मारली, पहिलीपेक्षा मोठी. मंग माह्याकडे वळला. त्याचा चेहरा मी सांगू शकत नाई. त्या वेळी तो दुसरी-तिसरीतलाच होता, दाराच्या फटीपाशी. ओठानंच त्यानं मले विचारलं, "थकले?"

मी नाई म्हणून मान हलवली. बोट ओठावर ठेवलं, अन् मंग कानावर.

तो पाहाले लागला. एवढं गाव झाडाझाडात उभं होतं अन् कोणी बसलं नवतं. कोणाची मान वाकडी, कोणाचं तोंड उघडं, कारण तोंड उघडं ठेवलं का जास्त ऐकू येते. एकानं काठी पानावर टेकू नये म्हणून पायावर टेकवली होती. कोतवालानं डोळे मिटले होते. मले खोकला आला. मी दुपट्ट्याचा बोळा तोंडात कोंबला अन् डोळ्यातून पाणी येईपर्यंत तो आतल्या आत मारला. पोट्टा माह्याकडे पाहत होता. त्यानं ते पाह्यलं.

मंग नाल्याकडून काही तरी आलं. आवाज म्हणावा असंही नाई. वाळूत नख घासावं तसं. नाल्याजवळच्या माणसानं हात वर केला अन् सगळी ओळ तिकडे धावली.

कोतवालीनीनं अस्वल पाह्यलं होतं, पळाली, नाल्यात पडली, पाय मोडल्यावानी झाला. ओरडून ओरडून गळा बसला होता. वर तिचं टोपलं ज्याले दिसलं त्यानं हाक बंद केली, अन् म्हणून तिचं कण्हणं ऐकू आलं. आम्ही ओरडत पुढं गेलो असतो तर ती तिथीच राह्यली असती. तिले वर काढलं तर तिच्या फाटक्या गळ्यातून पहिला शब्द निघाला तो नवऱ्यासाठी, "काठी कायले आनली? मले माराले?" अन् दुसरा आम्हा सगळ्यांसाठी, "अरे, टोपलं घ्या न माहं! अस्वल खाऊन टाकन सगळं!" कोतवाल रडत रडत टोपल्यात मोहफुलं भराले लागला.

तिले खाटेवर घालून गावाकडे निघालो. मी सगळ्यात मागं, गुडघ्यामुळे. तो माह्या सोबत राह्यला. मंग त्याच्या हळू आवाजात विचारलं, अन् या वेळी मी कान पुढं केला नाई तरी मले ऐकू आलं.

"माह्या बापाच्या वेळी, लोक किती वेळ असे उभे होते?"

"लय वेळ," मी म्हटलं. "काहीच ऐकू येत नवतं. पन ती चूप मोडाची कोनाची हिंमत होत नवती. मोडली का मंग झालंच न सगळं."

"मंग कोणी मोडली?"

"मी. ओळ माही होती."

"काय म्हटलं तुम्ही?"

"तुह्या बापाचं नाव घेतलं. एकदा. मंग पुढं गेलो."

तो चालत राह्यला. त्या दिवशी तो सपरीत माह्या शेजारी जेवाले बसला. त्याचे बोटं ताटाच्या कडेवर चालले नाईत.

दुसऱ्या दिवशी त्यानं कोठ्यातली तणस बाहेर ओढून काढली. वाकळा उतरवून बुढीच्या पुढ्यात टाकल्या. बुढी म्हणे, "गेला का काय तू?" तो म्हणे, "नाई काकी, शेवटचं राह्यलं." दार सताड उघडं, खिडकी उघडी, अन् तरी लाल फडकं दारावर. मले काही समजलं नाई, पण आता आमचं भांडण मिटलं होतं, तर मी सपरीत जीव मुठीत घेऊन बसलो. खोकला आवरला, आवरला, अन् शेवटी आलाच. मी वाट पाहत राह्यलो का आता हा येईन अन् म्हणन, काकाजी, आत आला. तो आला नाई.

चार-आठ दिवसांत सामान बांधून तो घुग्घुसले परत गेला, मायपाशी अन् पाळीपाशी. पाया पडताना म्हणे, "कॅसेट पाठवतो." मले वाटलं, बोलाची रीत आहे.

पावसाळ्यात एसटीच्या कंडक्टरनं एक पुडकं आणून दिलं. आत खरोखरची कॅसेट. आजच्या काळात! म्हणतात का त्या बर्फाच्या देशातले पोट्टे अशीच मागतात. माह्यापाशी दंडारीच्या वेळचा टेप आहे, लोक त्याच्यावर हसत होते. वर ते बोरीचे काटे, अन् आतल्या कागदावर साध्या अक्षरात एक ओळ, ती मी बोट ठेवून स्वतः वाचली, का यातलं सगळं एका माणसानं केलं आहे. खाली त्याचं नाव. हट्ट सोडला नाई पोट्ट्यानं.

आठ गाणे मी पुढं सरकवले. ते मले समजत नाईत अन् समजले असं मी म्हणणार नाई. नववं लावलं. ढोल, गिटार, लोखंडाचा पाऊस, मंग त्या हाका, इकडून तिकडे. मंग एक बंद झाली. या वेळी थकून बसली नाई, मधातच बंद झाली. तिच्या शेजारची बंद झाली. शेवटी एकच राह्यली, तिनं दोनदा साद घातली अन् तीही थांबली.

मंग काही नाई. टेप फिरून राह्यला, आवाज नाई.

बुढी म्हणाली, "संपलं. बंद करा, सेल जाते."

"चूप," मी म्हटलं. "ऐक."

बसलो दोघं. लय वेळ गेला. मंग दूर कुठी, आमचा कोंबडा आरवला. बुढीनं माह्याकडे पाह्यलं अन् लुगड्याचा पदर तोंडाले लावला. पुन्हा चूप. अन् मंग कोणी तरी खोकलं. दाबून, आवरून, तरी न आवरल्यानं.

कॅसेटवर नाव एकाच माणसाचं आहे, अन् ते बरोबर आहे, मेहनत त्याची आहे. पण खोकला माहा आहे.